क्लेम अडकला की रुग्ण अडकतो: सरकारी आरोग्य योजना चालवणाऱ्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री, आणि योजनेचे क्लेम तपासणारे, मंजूर करणारे, पैसे सोडणारे सर्व अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

तालुक्याच्या गावातल्या एका तीस खाटांच्या खासगी रुग्णालयात मी नऊ वर्षं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या डेस्कवर काम केलं. रेशनकार्ड आणि आधार बघायचं, प्रीऑथ, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, मागायची, ऑपरेशन झालं की क्लेमची, म्हणजे योजनेकडून पैसे मागायची, फाइल लावायची, क्वेरी, म्हणजे तपासणाऱ्याची शंका, आली की उत्तर द्यायचं आणि रोज सकाळी चहाच्या आधी पैसे जमा झाले का ते बघायचं, हे माझं काम. दोन वर्षांपूर्वी आमच्या रुग्णालयानं योजना सोडली. दारावरचा फलक उतरवला, डेस्क बंद झालं, माझी नोकरी गेली. नोकरीची तक्रार करायला मी लिहीत नाही. दुसरीकडे हिशेबाचं काम मिळालं, घर चालतं आहे. लिहिते आहे ते मागच्या पावसाळ्यात माझ्या आईचं जे झालं त्यामुळे.

आई ७४ वर्षांची. सकाळी मोरीत पाय घसरला आणि खुब्याजवळ हाड मोडलं. तिच्याकडे रेशनकार्ड आहे, आयुष्मान कार्ड आहे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेलं वय वंदना कार्डही मी स्वतः काढून ठेवलं होतं. कागद पूर्ण असण्याच्या बाबतीत माझ्या आईइतकी तयारीत असलेली रुग्ण जिल्ह्यात फार नसेल.

मी आधी आमच्याच जुन्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, घेऊन या, आज संध्याकाळी ऑपरेशन करतो. माझी फी मला नको. पण भूलतज्ज्ञ, रॉड आणि औषधं यांचे पैसे भरावे लागतील, योजनेतून आता मला करता येत नाही." मी नाही म्हटलं. पाच लाखांचं कार्ड हातात असताना पैसे कशाला भरायचे, असं वाटलं. आईला घेऊन ७० किलोमीटरवर जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. पहिल्या रुग्णालयात सांगितलं, योजनेच्या खाटा भरल्या आहेत, पैसे भरणार असाल तर बघतो. दुसऱ्या ठिकाणी दाखल करून घेतलं. तिथे आई सहा दिवस पायाला वजन बांधून पडून होती. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला तर शक्यतो दोन दिवसांत ऑपरेशन व्हावं, पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, हे मी नऊ वर्षं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं. पाचव्या दिवशी तिच्या पाठीवर लाल चट्टा उठला. सहाव्या दिवशी सकाळी एका कर्मचाऱ्यानं मला जिन्यात बाजूला घेतलं. चांगला इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा रॉड, हवा असेल तर अठरा हजार वरचे, रोख. पावती नाही.

मी दिले. योजनेत रुग्णाकडून एक रुपयाही घेता येत नाही हा नियम मला पाठ आहे, शेकडो नातेवाइकांना मी तो काचेमागून समजावून सांगितला आहे. हेल्पलाइनचा नंबर मला तोंडपाठ आहे. तरीही दिले, कारण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत आई त्या खाटेवर तशीच पडून राहिली असती. नियम माहीत असलेल्या बाईची ही गत, तर ज्याला प्रीऑथ हा शब्दही माहीत नाही त्याचं काय होत असेल, या विचारानं मला झोप लागत नाही.

त्या रुग्णालयावर राग काढून मी गप्प बसू शकले असते. पण काउंटरच्या आतली बाजू मी पाहिली आहे. वरचे पैसे कुठून सुरू होतात हे मला माहीत आहे, आणि तेच आपल्यापुढे मांडायचं आहे.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर आली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, पाच लाखांची. १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र चालू झाल्या. जुलै २०२३ मध्ये शासन निर्णय निघाला आणि १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड असो, पाच लाखांचं संरक्षण सगळ्यांना लागू झालं. ही मोठी गोष्ट आहे. कर्ज न काढता घरच्या माणसाचं ऑपरेशन होताना मी पाहिलं आहे. गावातल्या एका गवंड्याचं मनगट आमच्याकडे योजनेतून जोडलं, तो आजही प्लास्टर करतो. योजना बंद करा असं म्हणणाऱ्यांतली मी नाही, ती टिकावी म्हणूनच लिहिते आहे.

पण दीड लाखाचे पाच लाख झाले त्या दिवशी रुग्णालयाच्या खात्यात काही वाढलं नाही. पाच लाख ही कुटुंबाच्या उपचाराची वरची मर्यादा. रुग्णालयाला मिळतो तो त्या त्या ऑपरेशनचा ठरलेला पॅकेज दर. त्यातच खाट, जेवण, तपासण्या, औषधं, भूल, सर्जन, इम्प्लांट आणि घरी जातानाची औषधं आली. तो दर कमी की पुरेसा, यावर डॉक्टर आणि सरकार वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. जो दर ठरला आहे तो तरी हातात कधी पडतो?

लहान रुग्णालयाचा महिना कसा जातो ते सांगते. बाहेरून येणारा भूलतज्ज्ञ ऑपरेशन झालं की त्याच दिवशी पैसे घेऊन जातो. इम्प्लांटवाला पेटी आणून देतो, वापरलेल्याचे पैसे आठवड्यात मागतो. औषधाचा होलसेलर महिना-दीड महिना थांबतो, नंतर माल बंद. नर्सचे, वॉर्डबॉयचे पगार सात तारखेला. वीजबिल थांबत नाही. आणि या सगळ्याच्या समोर योजनेचे क्लेम, जे आमच्याकडे कधी दोन महिन्यांनी आले, कधी पाच, आणि शेवटच्या वर्षी आठ-आठ महिने आले नाहीत. डॉक्टरांनी आधी ओव्हरड्राफ्ट घेतला, मग बायकोच्या नावावरचा प्लॉट विकला. योजनेचे रुग्ण जितके जास्त घ्यावेत तितकं कर्ज वाढत होतं. गरिबांचं जास्त काम करणारा जास्त बुडतो, असा तो हिशेब होता. मी तो दर महिन्याला माझ्या हातानं लिहीत होते.

आयुष्मान चालवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं आहे की राज्यातल्या रुग्णालयाचा क्लेम १५ दिवसांत आणि परराज्यातल्या रुग्णाचा ३० दिवसांत निकाली काढावा. म्हणजे मी जे मागणार आहे ते आधीच कागदावर आहे. आणि हे दुखणं एका राज्याचंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या शेकडो खासगी रुग्णालयांनी थकलेल्या पैशांसाठी आयुष्मानची सेवा थांबवली होती.

आता क्वेरीबद्दल. हे बाहेरच्या माणसाला कळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका शेतमजूर बाईच्या मांडीच्या हाडात रॉड घातला होता. ऑपरेशन नीट झालं, बाई घरी गेली. क्लेमची फाइल मी लावली: केसपेपर, आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, ऑपरेशनची नोंद, इम्प्लांटच्या पेटीवरचा स्टिकर, डिस्चार्जच्या वेळचा फोटो, सही. तीन आठवड्यांनी क्वेरी आली, जखमेचा फोटो अस्पष्ट आहे, नवा जोडा. मुदत संपली की क्लेम नामंजूर होतो. वॉर्डबॉयला मोटरसायकलवर पाठवायचं ठरलं. परक्या पुरुषानं त्या बाईच्या मांडीचा फोटो काढायचा हे मला पटेना, म्हणून मी मागे बसून गेले. २२ किलोमीटर. बाई पडवीत खाटेवर बसली होती. मी कारण सांगितलं. तिनं सासऱ्याला आत जायला सांगितलं, लुगडं वर घेतलं आणि मी मोबाइलवर तिच्या टाक्यांचा फोटो काढला. तिनं विचारलं, "ताई, आमचं काही चुकलं का? पैसे परत मागतायत का?" मी म्हटलं, नाही हो, नुसता कागद आहे.

फोटो चढवला. पंधरा दिवसांनी दुसरी क्वेरी: स्टिकरवरचा नंबर वाचता येत नाही. तो स्टिकर पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये होता. ज्यानं फोटो पाहिला त्याला त्याच वेळी स्टिकरही पाहता आला असता. ते उत्तर दिल्यावर महिन्याभरानं पैसे आले, त्यातून काही रक्कम कापलेली. कशासाठी कापली हे विचारायला माझ्याकडे ना नाव होतं ना नंबर. पोर्टलवर तीन शब्दांचा शेरा होता, तोच आणखी दहा क्लेमवर होता.

मी तपासणीच्या विरोधात नाही. बाहेरून काही बोलणं वेगळं, आत बसून मी लबाडीही पाहिली आहे. गरज नसताना दाखल केलेले रुग्ण, ज्याला ताप आहे त्याला आयसीयूत दाखवणं, हे शेजारच्या गावांत चालायचं आणि सगळ्यांना माहीत असायचं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, आयुष्मानवरच्या अहवालात एकाच मोबाइल नंबरवर साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी नोंदलेले सापडले. आधी मृत म्हणून नोंद झालेल्या रुग्णांच्या नावानंही पुढे क्लेम दिले गेल्याचं त्यात आहे. म्हणजे अस्पष्ट फोटोसाठी शेतमजूर बाईच्या पडवीत माणूस पाठवायला लावणारी यंत्रणा मेलेल्या माणसाचा क्लेम सोडत होती. जिथे चोरी आहे तिथे धाड टाका, रुग्णालय काळ्या यादीत घाला, फौजदारी करा. चोरानं ज्या वेगानं पैसे उचलले त्या वेगानं प्रामाणिक रुग्णालयाला मिळाले नाहीत, ही माझी तक्रार आहे.

पुढची गोष्ट खाटांची. योजनेच्या खाटा भरल्या आहेत हे वाक्य जिल्ह्याच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात ऐकू येतं. ते खरं आहे की खोटं, हे त्या क्षणी उभ्या असलेल्या नातेवाइकाला कळायचा काही मार्ग नाही. लहान रुग्णालयं बाहेर पडली की त्यांचा सगळा भार जिल्ह्यावर पडतो, तेव्हा कधी ते खरंही असतं. पण जिथे पैसे भरणाऱ्याला खाट आहे आणि कार्डवाल्याला नाही, तिथे ती भरलेली खाट नसते. धर्मादाय रुग्णालयांना तर कायद्यानंच दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवायच्या आहेत. त्याही दारावर हाच प्रश्न आहे.

आरोग्यमित्राबद्दल, म्हणजे योजनेनं रुग्णालयात रुग्णाच्या मदतीला बसवलेल्या माणसाबद्दल, एवढंच म्हणेन की तो रुग्णाचा माणूस असायला हवा. तो दिवसभर रुग्णालयाच्या खुर्चीवर बसतो, तिथलाच चहा पितो, तिथल्याच मॅनेजरशी त्याला रोज जमवून घ्यायचं असतं. त्यानं मॅनेजरविरुद्ध तक्रार लिहावी ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही. यात दोष त्या मुलांचा नाही, त्यांना मिळणारं मानधन आणि त्यांच्यावरची कामं मी जवळून पाहिली आहेत.

आणि सरकारी रुग्णालय? आमच्या तालुक्यात ग्रामीण रुग्णालय आहे. इमारत चांगली आहे, ऑपरेशन थिएटर आहे, दिवेही लागतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत, हा फार चांगला निर्णय झाला. पण भूलतज्ज्ञाची जागा रिकामी आहे. भूल द्यायला माणूस नसेल तर थिएटरला कुलूप असतं. सरकारी रुग्णालयालाही योजनेतून क्लेमचे पैसे मिळतात. तोच पैसा वापरून बाहेरचा भूलतज्ज्ञ दिवसाच्या मानधनावर बोलावता आला असता तर माझ्या आईला ७० किलोमीटर नेण्याची वेळच आली नसती. ते रुग्णालय घरापासून दहा मिनिटांवर आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोक आपल्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये ते ३९.४ टक्क्यांवर आलं. आकडा खाली आला याचा मला मनापासून आनंद आहे, त्यात या योजनांचा वाटा आहे असं मी मानते. पण अठरा हजारांची पावती नाही. योजनेच्या नोंदीत माझ्या आईचं ऑपरेशन कॅशलेस झालेलं आहे, रुग्णाकडून घेतलेली रक्कम शून्य. डिस्चार्जच्या कागदावर समाधानी असल्याची सही मीच केली आहे. अशा किती सह्या मी डेस्कच्या पलीकडून घेतल्या असतील, आणि त्यातल्या किती जणांनी जिन्यात पैसे मोजले असतील, मला सांगता येत नाही. आमच्याकडे वरचे पैसे घेत नव्हते, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. म्हणूनच आमचं रुग्णालय योजनेत टिकलं नाही.

राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०१७ मध्ये सांगितलं होतं की सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२१-२२ च्या लेख्यांत तो १.८४ टक्के आहे. पैसा कमी असेल तर तो कमी आहे हे उघड सांगा. घोषणा मोठी करून उशिराच्या रूपानं तो तुटवडा लहान रुग्णालयावर, आणि तिथून रुग्णाच्या खिशावर ढकलू नका.

माझ्या मागण्या अशा आहेत.

क्लेम १५ दिवसांत निकाली काढा. पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज रुग्णालयाला मिळू द्या, आणि ते आपोआप जमा व्हावं, त्यासाठी अर्ज करायला लावू नका.

एका क्लेमवर क्वेरी एकदाच यावी. जे कमी आहे ते सगळं त्या एकाच वेळी विचारा. रुग्ण घरी गेल्यावर त्याच्या शरीराचा फोटो मागणं ताबडतोब बंद करा. रक्कम कापली तर कारण मराठीत, पूर्ण वाक्यात लिहा आणि खाली तपासणाऱ्याचा क्रमांक द्या.

कुठल्या जिल्ह्यात किती क्लेम किती दिवस अडकले आहेत आणि किती रक्कम थकली आहे, हे दर महिन्याला प्रसिद्ध करा. योजना सोडून गेलेल्या रुग्णालयांची यादी आणि त्यांनी दिलेलं कारणही त्यातच असू द्या.

योजनेच्या रिकाम्या खाटांचा आकडा दाराशी फलकावर आणि मोबाइलवर दिसू द्या. नाही म्हणणाऱ्या रुग्णालयानं ते लेखी, वेळ घालून द्यावं.

स्टेंटची कमाल किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये ठरवली गेली, गुडघ्याच्या सांध्याची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. हाड जोडायच्या रॉड आणि प्लेटच्या किमतीही तशाच बांधण्यासाठी केंद्राकडे पाठपुरावा करा. चांगला इम्प्लांट आणि साधा इम्प्लांट या नावाखाली जो सौदा होतो तो त्यानंच थांबेल. योजनेत कुठला इम्प्लांट मिळणार हे रुग्णाला ऑपरेशनआधी कागदावर सांगा.

वरचे पैसे मागितल्याची तक्रार आली तर त्याच दिवशी दुसऱ्या तालुक्यातला अधिकारी रुग्णाच्या खाटेपाशी पोचावा, आणि तक्रार चालू असताना रुग्णाचं ऑपरेशन थांबता कामा नये. आरोग्यमित्राची बसायची जागा रुग्णालयाच्या छायेबाहेर आणा. त्याची दर सहा महिन्यांनी बदली करा.

ग्रामीण रुग्णालयातली भूलतज्ज्ञाची जागा भरेपर्यंत क्लेमच्या पैशातून बाहेरचा भूलतज्ज्ञ बोलावायचे अधिकार तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांना द्या.

आई आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालते. पाठीवरची जखम भरायला दोन महिने लागले. आमच्या जुन्या डॉक्टरांना मी मागच्या आठवड्यात विचारलं, पैसे वेळेवर येत असतील तर पुन्हा योजना घ्याल का? ते म्हणाले, थकलेले आधी मिळू देत, दुसऱ्या दिवशी फलक लावतो. फलक अजून त्यांच्या स्टोअररूममध्ये आहे, जुन्या एक्स-रेच्या खोक्यांमागे.

आपली नम्र,
योजनेच्या डेस्कवरची एक माजी कर्मचारी